सडकेचं चाक

फटफटी वळणाआड गेली आणि चांदभाईला गोणपाटावर ती पत्ती दिसली.

नखाएवढी पत्ती. चेनच्या जोडावर ती दाबून बसवायची, म्हणजे जोड निघत नाही. आज बसवलीच नव्हती. चाकणात वीस वर्षं पाना फिरवणारा माणूस, आणि चूक कसली, तर नवशिक्यानंही करू नये अशी!

"या अल्ला," तो म्हणाला.

मारुतरावांची ही फटफटी लष्कराच्या लिलावातली. एरवी ती खेडच्या डोंगरवाटांनी फिरायची, म्हणून पुढचं दातेरी चाक लहान. लहान चाकावर गाडी बैलासारखी ओढते, पण पळत नाही. आज मात्र त्यांच्या बायकोला, रंभाला, पुण्याच्या दवाखान्यात न्यायचं होतं. आठवा महिना, आणि तोही लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर. "सडकेचं चाक घाला, चांदभाई," मारुतराव म्हणाले होते. "हिला लई येळ बसवत न्हाई." चांदभाईनं मोठं चाक घातलं, चेनला कडी वाढवली, जोड दिला. तेवढ्यात बायकोनं, नूरबीनं, सगळ्यांना चहा आणला आणि बोलण्याच्या नादात पत्ती राहिली.

आता भर वेगात चेन सुटली आणि मागच्या चाकात अडकली तर? पुढचं त्याच्यानं मनातही आणवेना.

"अवो, बघत काय बसलात? सायकल घ्या!" नूरबी ओरडली.

पत्ती मुठीत धरून तो पुण्याच्या सडकेला लागला. समोरून बैलगाडी आली.

"फटफटी दिसली का, पाव्हणं?"

"दिसली की! वाऱ्यावर चालली व्हती."

ते मोठं चाक घातलं कुणी? त्यानंच. चाकाच्या दर फेऱ्याला ती दोघं लांब जात होती, त्याच्याच हाताच्या गुणानं. प्रत्येक वळणावर तो आधी माणसं जमलीत का ते बघायचा, आणि नसली की तेवढ्यापुरता श्वास घ्यायचा.

कुरुळीच्या पुढं लिंबाखाली त्याला लाल लुगडं दिसलं. जमिनीवर.

लुगडं हललं. रंभा उठून बसली.

मारुतराव गाडीशेजारी लालबुंद होऊन उभे होते. "बरं झालं आलात! सांगा हिला. कुरुळी मागं पडली न पडली तोच माझी पाठ बडवाया लागली. गाडी आज लई पळती म्हणं. घटका झाली, वर बसंना. असली भित्री बाई कुणाच्या नशिबी येऊ नये!"

"भ्याले तर भ्याले," रंभा म्हणाली. "पोटात माझ्या हाय, तुमच्या न्हाई."

"बघा! चांदभाई, गाडीला हात तुमचा लागलाय. तुमीच सांगा, भ्यायचं काय कारण हाय का?"

चांदभाई चेनपाशी बसला. पत्तीनं धरून ठेवायची ती जोडाची बाहेरची पट्टी तिरकी होऊन पार टोकाशी आली होती. मारुतरावांना ती तिथून दिसण्यासारखी नव्हती. फडक्यानं पुसल्यागत करून पत्ती दाबली असती, "काही न्हाई, वहिनी, बसा," म्हटलं असतं, की काम फत्ते. नाव राहिलं असतं. त्यानं वर पाहिलं. रंभा त्याच्याच तोंडाकडे बघत होती.

"मारुतराव, हिथं बोट लावा."

मारुतरावांनी बोट लावलं. पट्टी गळाली आणि सबंध चेन खळकन धुळीत पडली.

"पत्ती घालायची ऱ्हायली. माझी चूक हाय," चांदभाई म्हणाला. "वहिनी थांबल्या नसत्या तर..."

मारुतराव मटकन खाली बसले. शिवी येईल, नाहीतर थोबाडीत बसेल, म्हणून चांदभाई मान खाली घालून चेन जोडत राहिला. पत्ती बसवली, ओढून पाहिली, परत ओढून पाहिली.

रंभा पदर खोचून मागं बसली. मारुतरावांनी किक मारली. इंजिन सुरू झालं, तरी गाडी जागची हलली नाही.

"अगं," मागं न बघता ते म्हणाले, "किती जोरानं नेऊ, तू सांग."