खिडक्यांमधले डाग

जुना सिनेमा कॉम्प्युटरवर घासूनपुसून लख्ख करायचं तिचं काम. नायिकेच्या मागे कापडावर रंगवलेलं अख्खं शहर होतं, आणि त्याच्या प्रत्येक खिडकीत मोहरीएवढा डाग. सकाळपासून तिने ते निगुतीने पुसत आणले. एकच खिडकी उरली, तेवढ्यात ते शहर रंगवणारे आजोबा काम बघायला आले.

"पोरी, हा डाग जरा मोठा कर की."

डाग स्क्रीनभर झाला. तान्ह्या बाळाला खांद्यावर घेऊन थोपटणारी बाई होती ती.

"आजोबा, तेव्हा हे कोणाला दिसणार होतं?"

"कोणालाच नाही. पण एवढी घरं रिकामी कशी ठेवायची?"

तिने पुसलेलं सगळं परत आणायला घेतलं. एकेका खिडकीत माणसं घरी येऊ लागली.