कोकराचा पिवळट पाय

आजोबांच्या स्मरणार्थ लावलेली एपिस्कोपल चर्चची रंगीत काचांची खिडकी दुरुस्तीहून परतली, तेव्हा ऐंशीची हेस्टर भिंग घेऊनच आली. कारागिराने अस्सल काचा लांबवल्या असणार! “आमचा निळा इतका उजळ नव्हता.” “बाई, काजळी धुतलीय.” “मला शेंड्या लावू नकोस! चित्रातल्या कोकराचा पिवळट पाय कुठाय?” विसरणार कशी ती? लहानपणी मूळचा पाय तिनेच दगडाने फोडला, आळ भावावर आला. शिक्षा म्हणून त्याने काचवाल्यासोबत नवा, जरा पिवळट तुकडा बसवला. पुढे तो व्हिएतनाममध्ये मारला गेला. त्याआधी कुणापाशी खरं बोलला तर नसेल, हा संशय तिला जन्मभर कुरतडत राहिला. “तो मूळचा नव्हता.” कारागिराने खिशातून तुकडा काढला. शिशाच्या पट्टीखालच्या कडेवर भावाने कोरलं होतं: “देवा, हेस्टरने फोडला. फक्त तुलाच सांगतोय.” “ही हेस्टर कोण हो?” सत्तर वर्षांत पहिल्यांदाच ती म्हणाली, “मी.”