मऊ शॉकॲब्सॉर्बर

अवधूतला आपल्या जुन्या गाडीला रॅलीच्या गाडीसारखे कडक शॉकॲब्सॉर्बर बसवायचे होते. "पाथर्डीच्या रस्त्याला आधीच बाळाची मान लटपटते, आणखी दणके कशाला?" म्हणत त्याची बायको मधुवंती हटूनच बसली. बाळाला कडेवर घेऊन ती स्वतः भिंगारच्या गॅरेजात गेली आणि सगळ्यांत मऊ होते तेच बसवून घेतले.

रविवारी माहेरी निघाल्यावर एक खड्डा म्हणून जाणवला नाही. बाळ मांडीवर गाढ झोपलं, तिचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात तिची नजर वेगाच्या काट्यावर गेली. नव्वद!

"अरे, हळू! बाळ आहे गाडीत!"


"दणके बसायचे म्हणून तर चाळीसनं चालवायचो ना, मधू!" अवधूत खुशीत म्हणाला, "ते तूच बंद केलेस की!"