पुढची अर्धी

"नजीरभाई, हाई पुरी करी दे," म्हणत रूपसिंगने रुमालात गुंडाळलेली अर्धी काठी लाकूड कातायच्या खरादाच्या फळीवर ठेवली. कौसाबाईने ती लगेच उचलून आपल्या मांडीवर घेतली.

"नको करू, भाऊ. दुसरी अर्धी लोटनजोडे शे. उद्या तो उना नि मांगी तर मी काय देसू?"

ब्राह्मणपुरीपासून शहाद्यापर्यंत बैलगाडीत नवराबायकोचं हेच चाललं असणार, हे नजीर खरादीला सांगायला नको होतं. त्याने हातातला बाजेचा पाय बाजूला ठेवला आणि दोघांना बसायला पोतं टाकलं.

त्यांच्या पोराची, लोटनची गोष्ट बाजारात सगळ्यांना ठाऊक होती. भरती झाला खरा, पण पोराला बंदूक मिळालीच नाही. गोऱ्या साहेबांच्या बिलियर्डच्या टेबलावर चेंडू मांडायचे आणि काठ्या पुसायच्या, हे त्याचं पलटणीतलं काम. एका साहेबाने खूश होऊन आपली जुनी काठी त्याला दिली, तर रजेवर आल्यावर महिनाभर तेवढंच सांगत फिरला. मग मिसर देशातल्या लढाईवरून तार आली. मास्तरांनी वाचून सांगितलं : बेपत्ता आहे, मेला असावा. त्या 'असावा'वर कौसाबाईने वर्ष काढलं.

पुढे सामान आलं. एक कांबळं, एक कंगवा आणि ही अर्धी काठी. देह नसला तर दर्भाचा पुतळा करून अग्नी द्या, असं भटजींनी सांगितलं होतं. रूपसिंगला त्या पुतळ्याशेजारी काठी ठेवायची होती, पण अर्धी नाही. पोराने जन्मात एवढी एकच वस्तू मिरवली होती, ती तरी धड जावी, एवढंच त्याचं म्हणणं. आणि पुतळा जाळला की पोरगा मेला, एवढंच कौसाबाईला कळत होतं.

"देखू तर दे, बहिन," नजीर म्हणाला.

तिने काठी दिली, रुमाल मात्र हातातच ठेवला.

काठी काळ्याभोर आबनुसाच्या लाकडाची होती, हाताला जड. तोंडाशी पितळी कडं, आणि कड्यातून पेरभर बाहेर आलेला पितळी पेच. धुळ्याच्या क्लबात नजीरने अशा काठ्या दुरुस्त केल्या होत्या. पेटीत मावावी म्हणून काठी दोन तुकड्यांची करतात. पुढचा तुकडा या पेचावर फिरवून बसवायचा. पण ज्याचे आटे जुळतील तोच तुकडा बसणार, दुसरा नाही.

त्याने लाख गरम केली, पेच तिच्यात दाबला आणि उमटलेले आटे उजेडात धरून बघितले. मग डब्यातून कापसाच्या जिनमधल्या यंत्राचा एक स्क्रू काढला. त्याचे आटे जाड पडले. सायकलचा लावून बघितला, तर ते बारीक.

"विलायती शे. हाऊ तिसराच आटा," तो म्हणाला. "पन पेच देखा कसा सरळ शे. तुटती तर वाकता. मन्हा अंदाज, खोलेल शे, तोडेल नही."

कौसाबाई पुढे सरकली. "म्हंजे तेनीच खोली?"

"असंच दिखस."

"आयकं का?" ती नवऱ्याकडे वळली. तिचा चेहरा एकदम उजळला. "खोलीसन लई गया तो. सोबत लई गया!"

नजीरला आपल्याच जिभेचा राग आला. लाकडापुरतं बोलायचं सोडून नको तिथे अक्कल पाजळली होती.

"तरी बी बनाव," रूपसिंग म्हणाला.

आता कौसाबाईने अडवलं नाही. खरी अर्धी पोराजवळ असताना इथे नवी बसली काय नि न बसली काय.

लाखेवर मुळाकडचे आटे नीट उमटले नव्हते. तिथे काहीतरी दाबून बसलं होतं. नजीरने सुई घेतली आणि पेच फिरवत कोरायला लागला. आधी मळ निघाला. मग काळं, कडक, बोटात धरलं की चुरा होणारं काही निघालं. लाकूडच होतं ते, पुढच्या तुकड्याचं. नजीरने कड्याच्या काठावरून अंगठा फिरवला. तिथला आबनूसही भुगा होऊन अंगठ्याला लागला. काळ्या लाकडावर काळं दिसत नाही, म्हणून इतके दिवस कोणाला कळलं नव्हतं. पुढची अर्धी कोणी खोलून नेली नव्हती. ती इथेच, या पेचावर जळाली होती, आणि काठीला एवढा जपणारा लोटन तेव्हा तिच्यापासून लांब असेल, असं नजीरला वाटेना.

काही बोलायचं नाही, असं त्याने ठरवलं. जरा पाठमोरा होऊन त्याने पेच तळहातावर झटकला आणि तळहात तोंडापाशी नेला. दिवसातून शंभर वेळा असा भुसा फुंकणारा माणूस तो.

"फुकू नको, नजीरभाई."

कौसाबाई त्याच्या खांद्याशी उभी होती.

"भुसा शे, बहिन," तो म्हणाला. पण खोटं त्याला नीट बोलता आलं नाही.

तिने चिमूटभर उचललं आणि बोटांत चोळलं. जन्मभर चूल पेटवलेली बाई ती. कोळसा कोणता नि भुसा कोणता, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. रूपसिंग "काय शे? काय निंघनं?" म्हणून विचारत होता.

मग तिने पदराचं टोक पसरलं. नजीरने तळहात त्यावर पालथा केला, दुसऱ्या हाताने हळूच थोपटला, बोटांच्या फटीत राहिलेलंही झाडलं. तिने गाठ मारली. तिच्यावर आणखी एक मारली.

"पुतळा नका करू," ती नवऱ्याला म्हणाली. "काठी बी ऱ्हाऊ द्या तशीच. गाडी प्रकाशा गावले लई चाला. तापीमा सोडनं शे."

"काय सोडनं शे?"

"लोटन उना मन्हा," गाठ मुठीत घट्ट धरून ती म्हणाली.