दोन्ही गाल

लकव्यानंतर मोतीलालकाकांचा डावा गाल हलेना. फिजिओथेरपीवाली अतिका रोज कोरीट गावी त्यांच्या घरी यायची, समोर आरसा धरायची अन् म्हणायची, "काका, हसा." हसू उजव्या गालापाशीच अडायचं.

महिन्याभरानं जसोदाकाकू भडकल्या. "पोरी, ह्या आमना लगीनना फोटूमाबी हासेल नहीत. तुन्हा सांगावर काय हासतीन?"

काका खो खो हसत सुटले. अतिका ओरडली, "दोन्ही गाल!"

मग तिनं समजावलं, "काकू, मेंदूतून गालाकडे दोन वाटा येतात. सांगून हसायची वेगळी, आपोआप हसू येतं ती वेगळी. ही दुसरी शाबूत आहे."

काकूंनी कमरेवर हात ठेवून नवऱ्याकडे पाहिलं. "म्हणजे चाळीस वरीस ती वाट चांगलीच व्हती?"

काका पुन्हा हसले. दोन्ही गालांनी.