मोठ्या जाळीचा रुमाल

माझ्या विधवा नणंदेचं, बकुळावन्संचं, केशवपन करायला देवासच्या घरी दर महिन्याला न्हावी यायचा. यंदा तापामुळे ते दोनदा चुकलं आणि डोक्यावर बोटभर केस आले. ते राहू द्या, असं उघड म्हणायचं धैर्य मला नव्हतं. म्हणून मी वन्संसाठी क्रोशाने हलका, जाळीदार रुमाल विणला.

सासूबाईंनी तो उजेडाकडे धरला.

"कॉलेजात हेच शिकलीस? यातून तर केस दिसतील."

मी माझ्या तान्ह्या मुलीला छातीशी धरलं.

तेवढ्यात परसदारी न्हावी आला. "माईसाब, गरम पानी दो."

सासूबाईंनी स्वतःच्या हाताने तो रुमाल वन्संच्या डोक्याला बांधला.

"भिया, तू घर जा. अब मत आना," त्या म्हणाल्या, आणि वन्संना हाताला धरून पुढच्या ओट्यावर, भर रस्त्यासमोर नेऊन बसवलं.