पाय लागल्यावर

फणसे सरांनी शिट्टी फुंकली तेव्हा मैदानावर खेळ बंदच होता. नमस्कार चालले होते.

पनवेलच्या तळ्याकाठी, मे महिन्याच्या उन्हात, तालुक्यातले चौदा प्राथमिक शिक्षक फुटबॉल शिकत होते. सरकारचा हुकूमच होता, शिबिर पास झाल्याशिवाय नोकरी कायम होणार नाही. म्हणून धोतरं वर खोचून, पोटं सावरत ही मंडळी एका चेंडूमागे धावत होती. पण एकाचा पाय दुसऱ्याला लागला, की चेंडू सोडून खाली वाकायची. ज्याला लागला त्याला हात लावायचा, तो आपल्या कपाळाला लावायचा, त्याचं "असू दे, असू दे" ऐकायचं. तोवर चेंडू तळ्याकडे निघालेला असायचा.

"अहो गुरुजी, फुटबॉल आहे हा!" फणसे सर ओरडले. "पाय लागणारच. देवळात आलात का?"

साळवे गुरुजींना मात्र सकाळपासून कुणाचाच पाय लागला नव्हता. महारवाड्यातून शिकून मास्तर झालेले तालुक्यातले ते पहिलेच. चेंडू त्यांच्याकडे आला की समोरची गर्दी आपोआप मोकळी व्हायची. ओक गुरुजी डावीकडे सरायचे, घरत गुरुजी उजवीकडे. गोल राखणारासुद्धा खांबाला चिकटून उभा राहायचा. साळव्यांनी असे तीन गोल केले आणि फणसे सरांनी तिन्ही वेळा "शाब्बास" म्हटलं. त्या शाब्बासकीची किळस येते. सरांना दिसत नव्हतं असं नाही. दिसलेलं लिहायला त्यांच्या कागदावर रकाना नव्हता.

दुपारी परीक्षा झाली. चेंडू पायाने पुढे नेण्यात साळवे पास झाले. आता समोरच्याच्या पायातला चेंडू काढून घेऊन दाखवायचा होता.

ओक गुरुजी चेंडू घेऊन समोर आले. सकाळी सगळेच डोक्याने चेंडू मारायला शिकत होते, तेव्हा त्यावरच्या वादीची गाठ ओकांच्या कपाळावर बसली होती, बरोब्बर गंधाच्या जागी. तिथे सुपारीएवढं टेंगूळ आलं होतं. चेंडू चामड्याचा असूनही त्यांनी तक्रार केली नव्हती. सरकारी वस्तूला विटाळ नसतो. साळवे दोन पावलं पुढे आले तसा ओकांनी चेंडू तिथेच सोडला आणि मागे सरले.

"घ्या," ते म्हणाले.

"असं नाही चालणार," फणसे सर म्हणाले. "काढून घ्यायचा असतो. सोडलेला चेंडू मी धरत नाही. पुढचे या."

पुढच्यानेही सोडला. त्याच्या मागच्यानेही सोडला. सरांची पेन्सिल साळव्यांच्या नावापुढे येऊन थांबली.

"सर, समोरच्याने चेंडू धरून ठेवला तरच मी काढणार ना?" साळवे म्हणाले.

"त्याला मी काय करू? नियम सगळ्यांना एकच आहे."

साळव्यांनी बळीराम घरत गुरुजींकडे पाहिलं. बळीराम उरणकडचा, मिठागरात राबणाऱ्या घरातला. दोघं एकाच वर्षी मास्तर झाले होते. एसटीत शेजारी जागा मिळाली तर निमूट बसायचे, शाळेच्या गोष्टीही करायचे. पनवेल आलं की बळीराम आधी उतरून पुढे चालू लागायचा.

"बळीराम, तू धर. एकदाच. नोकरीचा प्रश्न आहे माझ्या."

बळीरामने आजूबाजूला पाहिलं. "बरं, ये," तो हळू आवाजात म्हणाला. "पन जरा लांबूनच कर काय ते."

लांबून चेंडू काढता येत नाही. साळवे सरळ अंगावर गेले, शिकवलं होतं तसा पाय आडवा घातला आणि चेंडू काढून घेतला. बळीराम धुळीत बसला.

"पास," सर म्हणाले आणि पेन्सिलीने खूण केली.

साळव्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. पाय लागला होता. जन्माची सवय, ते वाकले आणि त्यांचा हात बळीरामच्या पायाकडे गेला.

बळीरामने पाय ओढून घेतला. "नको. शिवू नको. झालं तेवढं बास हाय."

तो उठला आणि अंगावरच्या कपड्यांनिशी तळ्यात उतरला. नाक धरून त्याने एक बुडी मारली, मग दुसरी मारली. शिकलीसवरली तेरा माणसं काठावर उभी राहून हे बघत होती. कुणी हसलं नाही, कुणी हाक मारली नाही. ओक गुरुजींनी तर समजूतदारपणे मान हलवली.

साळवे क्षणभर वाकलेलेच होते. मग सरळ झाले. चेंडू त्यांनी पायाशी ओढून घेतला, नीट नेम धरला आणि उचलून मारला. तो बळीरामच्या शेजारीच पाण्यात पडला.

"बळीराम, त्यालाही घाल आंघोळ," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "सकाळपासून माझ्या पायाशी होता. आणि तुमच्या सगळ्यांच्या डोक्यावर."

चेंडू पाण्यावर तरंगत होता, बळीराम त्याच्यापासून मागे मागे सरकत होता.

ओक गुरुजींचा हात सावकाश कपाळावरच्या टेंगळाकडे गेला. मग शेजारच्याचा गेला. मग एकेक करत सगळ्यांचेच हात कपाळाला लागले. रस्त्याने जाणाऱ्या एखाद्याला वाटलं असतं, साळवे गुरुजींना नमस्कार चालले आहेत.